तिसरा पेपर येईपर्यंत

आक्कांच्या अंबाड्यात फूल कधी दिसलं नाही. तिथं कायम एक पेन्सिल खोचलेली असायची, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. जामखेडच्या बाजारतळाजवळ आमचं एक लहानसं वाचनालय आहे. आक्का तिथल्या ग्रंथपाल, शिपाई, झाडूवाली आणि, खरं सांगायचं तर, न्यायाधीशही होत्या. गावातले पुढारी पोलिसांना फारसे भीत नसत, पण त्या पेन्सिलीला टरकून असत. मी स्वतः पत्रकार आहे, तालुक्यात मला थोडाफार मान आहे. तरी ती पेन्सिल अंबाड्यातून बाहेर आली की मीही खुर्चीत सावरून बसायचो.

जामखेड नगर जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पूर्वेला थोडं गेलं की बीड जिल्हा लागतो आणि करमाळ्याकडं वळलं की सोलापूर जिल्हा. त्यामुळे वाचनालयात तीन जिल्ह्यांचे पेपर येत. नगरचा पेपर (आता पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तोंडात अजून नगरच येतं) सकाळी जीपने यायचा. बीडचा यायचा एस.टी.च्या पहिल्या गाडीने आणि सोलापूरचा करमाळ्याच्या गाडीने, ती गाडी ज्या वेळी तिच्या मनात येईल त्या वेळी. आक्कांचा नियम असा की तिन्ही पेपर आल्याशिवाय एकाचीही घडी मोडायची नाही. आलेले पेपर टेबलावर एकावर एक ठेवलेले आणि त्यांच्यावर आक्कांचा पाण्याने भरलेला पितळी तांब्या. तांब्याला हात लावायची हिंमत कुणात नव्हती.

निवृत्त एस.टी. कंडक्टर नाना रोज सगळ्यांत आधी येऊन बसायचे आणि रोज कुरकुरायचे. करमाळ्याची गाडी पंक्चर झाली तर जगात काय चाललंय ते आम्हाला कळायचंच नाही का, असा त्यांचा सवाल असायचा. त्या गाडीवर आपण नोकरी केली असती तर ती कधीच वेळ चुकली नसती, हेही ते जोडीला ऐकवायचे. आक्का शांतपणे म्हणायच्या, "जग कुटं पळून चाललंय, नाना? तिन्ही येऊ द्या, मंग बोला." नाना उठून जायचे, चहा पिऊन परत यायचे आणि तांब्याकडे बघत बसायचे.

तिसरा पेपर आला की तांब्या बाजूला व्हायचा. एकच बातमी तीन पेपरांत कशी आली आहे, ते आक्का मोठ्याने वाचून दाखवायच्या. जे तिन्हीकडे सारखं असेल त्याच्याखाली लाल रेघ. जे एकाच पेपरात असेल त्याच्याखाली निळी. निळ्या रेघेवर लगेच मान डोलवायची नाही आणि लगेच खोटंही म्हणायचं नाही, आधी कुणाला तरी विचारायचं, असं त्या सांगायच्या. शाळा मॅट्रिकपर्यंत झालेली, नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही. पण पेपर कसा वाचावा हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नसतं, ते या बाईने फुकट शिकवलं.

भ्रष्टाचाराची बातमी असली की आक्कांना विशेष चेव चढायचा. एकदा बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या एका पुढाऱ्याने न केलेल्या रस्त्याचं बिल काढलं. बीडच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, "विरोधकांचा आरोप" म्हणून आली. शिवाय त्याच पानावर त्याच पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो. आमच्या नगरच्या पेपरात मात्र पहिल्या पानावर "रस्ता गिळला", आणि पुढाऱ्याचं नाव, गाव, पक्ष, सगळं. सोलापूरच्या पेपराने दोन्ही जिल्ह्यांना बाजूला सारून आपल्याकडचे रस्ते किती चांगले आहेत याच्यावर चौकट टाकली होती. आक्का हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, "आपल्या दारात काय पडलंय ते शेजारीन सांगती. तिच्या दारातलं तिला इचारू नये, ते आपन सांगावं."

आपल्याच जिल्ह्याचा घोटाळा असला की आमच्या पेपरातल्या चोराला नाव नसायचं. तो "संबंधित" असायचा, फार तर "एक बडी असामी". आक्का चष्मा नाकावर ओढून मला विचारायच्या, की हे संबंधित राहतात तरी कुठं, तालुक्यातल्या सगळ्या भानगडी हेच करतात तर एकदा त्यांना भेटायला जायला हवं. सगळं वाचनालय माझ्याकडे बघून हसायचं. मी नगरच्या पेपरचा तालुका प्रतिनिधी. बातम्या मी पाठवायचो आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिरातीही मीच गोळा करायचो. साहेब म्हणजे आमच्या भागाचे नेते. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येक तालुक्याला असे एक साहेब असतातच.

मी एखादी बातमी लिहिली असली की आक्कांचा ठरलेला प्रश्न असायचा: "कुनाला इचारलंस?" तहसीलदारांना विचारलं म्हटलं की पुढं, "आनि?" पोलिसांना विचारलं म्हटलं की पुन्हा, "आनि?" ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याला विचारलं का, इथपर्यंत त्या मला आणून सोडायच्या. तिथं मी बहुतेक वेळा घड्याळाकडे बघायचो.

आम्हा सीमेवरच्या पत्रकारांची एक रीत होती, अजूनही आहे. बीडच्या पेपरचे आष्टीचे प्रतिनिधी मोमीनभाई माझे दोस्त. त्यांना त्यांच्या पेपरात छापता येत नसलेली बातमी ते मला फोनवर द्यायचे आणि मला छापता येत नसलेली मी त्यांना. त्यांचा पुढारी माझ्या पेपरात उघडा पडायचा, माझा त्यांच्या पेपरात. दोघांच्याही जाहिराती सलामत आणि बातमीही छापून येते म्हटल्यावर मन साफ. आक्कांना हे ठाऊक होतं. त्या याला शेजारणीची वाटी म्हणायच्या, कारण शेजारच्या घरून आलेली वाटी आपल्याकडे रिकामी परत करत नाहीत. मला ती उपमा फार आवडायची. त्यात टोमणा आहे हे कळायला मला बराच उशीर झाला.

एका दुष्काळी वर्षाची गोष्ट. तालुक्यात गावोगाव टँकर सुरू होते. एका गावच्या बायका रिकामे हंडे घेऊन तहसील कचेरीवर आल्या. चौकशी झाली तेव्हा कळलं की कागदावर त्या गावात रोज टँकर येत होता आणि प्रत्येक खेपेखाली ग्रामसेवकाची सही होती. प्रत्यक्षात निम्म्या खेपा झाल्याच नव्हत्या. ग्रामसेवक निलंबित झाला. त्याचं नाव दिलीप. दिलीप हा आक्कांचा धाकटा, एकुलता एक भाऊ.

टँकर कुणाचे होते हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांच्या मेहुण्याचे. मी बातमी लिहिली: "टँकर घोटाळा: ग्रामसेवक निलंबित". पहिल्याच ओळीत दिलीपचं नाव, गाव, वय. टँकरवाल्यापाशी आलो तेव्हा "संबंधित ठेकेदार" असं लिहून मोकळा झालो. मग मोमीनभाईंना फोन केला आणि मेहुण्याचं नाव त्यांना दिलं. माझ्या हिशेबी मी माझं कर्तव्य पार पाडलं होतं. त्या संध्याकाळी मी चांगला भरपेट जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसायला जागा नव्हती. टेबलावर तांब्या होता आणि त्याच्याखाली दोन पेपर. करमाळ्याची गाडी यायची होती. एवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आले. ते साहेबांचे माणूस, एरवी गोडबोले. त्यांनी आक्कांना बाजूला घेऊन सुचवलं की आज बीडचा पेपर आलाच नाही असं सांगितलं तर बरं. नानांनी उलटं सुचवलं, की नगरचाच पेपर आत ठेवा, उगाच भावाच्या नावाचा बोभाटा कशाला. दोघांचंही ऐकून घेऊन आक्का खुर्चीत बसून राहिल्या. सोलापूरचा पेपर आला, त्यांनी तांब्या उचलला आणि रोजच्यासारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आधी माझी बातमी वाचली. मग बीडची: "नगरच्या नेत्याच्या मेहुण्याचे टँकर, पाणी कागदावरच, ग्रामसेवक बळीचा बकरा". सोलापूरच्या पेपराने शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय ते सांगून आपल्याकडे मात्र सर्व आलबेल असल्याचा अधिकाऱ्यांचा हवाला दिला होता. वाचताना त्यांचा आवाज एकदाही अडकला नाही. मग अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि तिन्ही पेपरांत दिलीपच्या नावाखाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, "सही त्यानंच केली हाय. तिन्हीकडं हाय, त्यात बदल न्हाई." मेहुण्याच्या नावाखाली निळी रेघ ओढली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "ह्ये एकाच पेपरात हाय. तुला ठावं आसंल तर लाल कर."

अध्यक्ष समोर उभे होते. मी म्हणालो, मला तहसीलला बैठक आहे. आक्का म्हणाल्या, तहसील उघडायला अजून वेळ आहे. मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो. आपला भाऊ अडकला म्हणून ही बाई मला अडकवते आहे असं वाटलं. मग त्या अगदी खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या, "दिल्याच्या गावात बीडचा पेपर जात न्हाई. तितं फकस्त तुजा जातो. वाटी शेजारी दिलीस आन् घरची मान्सं उपाशी ठिवलीस." आठ वर्षं मी ज्या रीतीवर खूश होतो ती अशी माझ्या अंगावर आली. मी पेन्सिल घेतली आणि मेहुण्याच्या नावाखाली लाल रेघ ओढली.

त्याच दिवशी मी दुसरी बातमी पाठवली, मेहुण्याच्या नावासकट. पेपरच्या नगर कचेरीने ती दोन दिवस दाबून ठेवली. मी कळवलं की नाव आता भर वाचनालयात वाचलं गेलं आहे, न छापलं तर हसं आपलंच होईल. शेवटी ती पाचव्या पानावर आली, छोटी, पण आली. साहेबांची पुरवणी त्या वर्षी दुसऱ्या पेपरकडे गेली. अध्यक्षांनी काटकसर म्हणून बीड आणि सोलापूरचे पेपर बंद केले, तर नानांनी वाचकांच्या वर्गणीच्या पाळ्या लावून ते सुरू ठेवले आणि करमाळ्याच्या गाडीची वाट बघत पूर्वीसारखेच कुरकुरत राहिले. मेहुण्यावरचा खटला अजून चालू आहे. साहेबही चालू आहेत. दिलीप बऱ्याच वर्षांनी कामावर परत आला, पण बढती गेली आणि बदली शेवगावला झाली.

गावात बोललं जायचं की बहीणभावाचं तुटलं. भर वाचनालयात सख्ख्या भावाच्या नावाखाली लाल रेघ ओढणारी बहीण. तो पुन्हा तिच्या दारात कशाला येईल? मलाही तेच वाटायचं. दिलीप जामखेडला कधी दिसला नाही. आक्कांपाशी त्याचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. त्या फक्त पूर्वीसारखंच, प्रत्येक बातमीला, "कुनाला इचारलंस?" म्हणायच्या. मला वाटायचं, सवय आहे.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि वाचनालय ओस पडू लागलं. कुणी म्हणालं की आक्का, आता सगळ्या बातम्या यात येतात. त्यांनी तो मोबाईल हातात घेऊन वर-खाली करून बघितला आणि परत दिला. म्हणाल्या, "ह्यात समदं तुज्याच मनासारखं येतंय. शेजारी कुटं हाय ह्यात?" शेवटपर्यंत त्या रोज तांब्या भरत राहिल्या. वाचायला कधी चार जण असायचे, कधी एकटे नाना.

मागच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी नगरला दवाखान्यात नेलं आणि तिथंच संपलं. मला ती बातमी लिहिताना रडू आवरलं नाही. मन लावून लिहिली, आजवरची माझी सगळ्यांत चांगली बातमी असेल. शेवटी लिहिलं, "त्यांच्या पश्चात वाचकांचा मोठा परिवार आहे." हे वाक्य मला फारच जमलंय असं वाटलं होतं.

आम्ही वाचनालयातच शोकसभा ठेवली. त्यांच्यावर बातमी आलेले तिन्ही पेपर टेबलावर तांब्याखाली ठेवले होते. माणसं यायच्या आत एक पिकल्या केसांचा माणूस येऊन टेबलापाशी बसला होता. मी त्याला ओळखलं नाही. त्याने तिन्ही पेपर सावकाश वाचले, टेबलावरची आक्कांची पेन्सिल उचलली आणि बीडच्या पेपरात एका ओळीखाली निळी रेघ ओढली. मोमीनभाईंनी लिहिलं होतं, "त्यांच्या पश्चात एक भाऊ आहे." माझ्याकडे बघत तो म्हणाला, "मी दिलीप. ह्ये एकाच पेपरात हाय."

पहिल्या वेळी मी त्याचं एकट्याचंच नाव छापलं होतं आणि या वेळी त्याचंच तेवढं गाळलं होतं. मी म्हणालो, मला वाटलं तुमचं जाणं-येणं नाही. तो म्हणाला, बदली झाल्यापासून दर भाऊबीजेला आक्का पहिल्या गाडीने शेवगावला यायची, एकही वर्ष चुकली नाही. त्याला जामखेडला यायची लाज वाटायची म्हणून ती यायची. तो चिडून बोलत नव्हता, चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. "सही का केली, ते आक्कानं मला तवाच इचारलं हुतं," तो म्हणाला. "तुमी अजून इचारलं न्हाई."

मी म्हणालो, मग आक्कांनी मला सांगितलं का नाही? त्याने पेन्सिल तांब्याजवळ ठेवली. "मी बी तिला ह्येच म्हनलो. तर म्हनायची, मी बहीन हाय, माजं कोन खरं मानंल? बाहेरच्यानं सांगाया पायजे. पत्रकार कवातरी इचारंल, थांब."

एवढी वर्षं ती बाई मला रोज तोच प्रश्न विचारत होती आणि मी तिची सवय समजून हसत होतो. मी खुर्ची ओढून दिलीपसमोर बसलो आणि विचारलं. त्याने सांगितलं, आधी त्याने न आलेल्या खेपांवर सही करायला आठ दिवस नकार दिला होता. त्या आठ दिवसांत गावात टँकरच आला नाही. मग निरोप आला की सगळ्या खेपांवर सही कर, निम्मं पाणी तरी येईल. गावाला निम्मं पाणी मिळावं म्हणून त्याने पुऱ्या सह्या केल्या, आणि त्याच गावाने माझा पेपर वाचून त्याला चोर ठरवलं. सही चुकीचीच होती, हे तो स्वतःच दोनदा म्हणाला. तेही मी लिहून घेतलं.

शोकसभेला मी भाषण केलं नाही. सभा संपल्यावर त्या गावी गेलो. हंडे घेऊन आलेल्या बायकांपैकी दोघी भेटल्या. ते टँकर नसलेले आठ दिवस त्यांना आठवत होते, ते का नव्हते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्याला फोन केला, त्याने इन्कार केला, तोही लिहिला. आक्कांच्या "आनि?" ला पुरेल एवढं सगळ्यांना विचारून झाल्यावर बातमी नगरला पाठवली आणि आमच्याच पेपरात ती छापून येईपर्यंत रोज फोन करत राहिलो.

ती आली त्या सकाळी मी वाचनालयात गेलो. नाना आधीच येऊन बसले होते. तांब्या भरून पेपरवर ठेवला आणि आम्ही दोघं करमाळ्याच्या गाडीची वाट बघत बसलो. ही बातमी बाकी दोन पेपरांत नसणार हे मला माहीत होतं. या वेळी मी मोमीनभाईंना फोन केला नव्हता.